वखारीतली पंगत

१

सकाळी शटर वर करायचं, एसी चालू करायचे आणि बाप येईपर्यंत कामावर लक्ष असल्याचं सोंग करायचं, एवढंच शार्दूलचं काम होतं. पुण्यातलं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडून आलेल्या पोराला दुसरं काय देणार, असं बापाचं म्हणणं. आणि बापाचं म्हणणं नेहमी चारचौघांत, पोरासमोर, मोठ्या आवाजात असायचं. सदानंद टिपणीस ऐन तरुणपणी दादरहून दुबईत आले, दुसऱ्याच्या हाताखाली राबले आणि मग स्वतःच्या हाताखाली माणसं राबवायला लागले. मधल्या काळाला ते ‘माझा स्ट्रगल’ म्हणायचे. तो ऐकवल्याशिवाय त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळत नसे.

वर्कशॉप उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. प्रदर्शनं, मॉल, शाळा, जिथं नकली गाव लागेल तिथं हे लोक नकली गाव उभं करून द्यायचे. ह्या वेळचं काम दुबईतल्या एका ब्रिटिश शाळेचं होतं. तिच्या इतिहासाच्या दालनात व्हर्जिनियातली इंग्रजांची पहिली वसाहत उभी करायची होती. ओंडक्यांची भिंत, तिच्या आत एक लाकडी कोठार, कोठारात लांबलचक टेबल आणि टेबलाशी बाकावर बसलेले पाच वसाहतवाले. उपाशी.

“उपाशी म्हणजे कितपत?” असं हनीफनं विचारलं होतं. शाळेच्या मॅडमनी फोटो बघून दोनदा परत पाठवले. अजून उपाशी हवेत, म्हणे.

हनीफ श्रीवर्धनचा. पुतळे तोच करायचा. आधी मातीचे, त्यावरून साचा, साच्यातून फायबरचे. आतून पोकळ, दोन बोटांवर उचलता येतील इतके हलके. माणूस पन्नाशीचा, अंगानं दणकट, जिभेनं तिखट. शार्दूलला तो ‘ग्रॅज्युएट’ म्हणायचा.

“ग्रॅज्युएट, हा बघ,” पाचव्या पुतळ्याच्या कमरेचा पट्टा आवळत तो म्हणाला होता. “बाजारात मिळतो त्या पट्ट्याला इतकी भोकं नसतात. माझ्या हातानं सहा पाडली. तरी ढिला. आता बोल म्हणावं मॅडमला.”

पट्टा खरोखरच त्या खपाटीला गेलेल्या पोटावरून खाली लोंबत होता. शार्दूलला ते तोंड बघवलं नाही. हनीफनं गालफडं आत ओढली होती, डोळे खोबणीत ढकलले होते आणि ओठ अर्धवट उघडे ठेवले होते. काहीतरी मागायला उघडावेत तसे.

कोठाराला वर्कशॉपमधले सगळे वखार म्हणायला लागले. इंग्रज म्हटल्यावर आपल्याला दुसरा शब्द सुचतो कुठं.

२

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, ही बापाची प्रथा. वर्षभर माणसांना सुट्टी देताना जीव जायचा, पण करवतीला हळदकुंकू वाहताना डोळ्यांत पाणी.

त्या दिवशी अख्ख्या वर्कशॉपमध्ये भुसा नव्हता अशी एकच जागा होती. वखारीतलं टेबल. तेव्हा ड्रिल, रंधे, कटर, स्प्रेगन सगळं तिथंच मांडलं. पाच उपाशी इंग्रज बाकावर होते तसेच राहिले, त्यांना हलवायचं कोण. शार्दूलची आई अनुराधा दुबईच्या ऊद मेथा भागातल्या फ्लॅटमधून डबे घेऊन आली. केळीच्या पानावर वरणभात, पुरणपोळी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. पान टेबलाच्या मधोमध, हत्यारांसमोर. म्हणजे त्या पाचजणांच्याही समोर.

सदानंदांनी फोनवर शाळेच्या मॅडमना व्हिडिओ कॉल लावला होता. अवर कल्चर, मॅम. सी, मॅम. आणि मग काय अंगात आलं कोण जाणे, ते कमरेत वाकले, पुतळ्यांकडे हात केला आणि म्हणाले, “या साहेब, या! लाजू नका. पोटभर जेवा. आपलंच घर समजा!”

सगळे हसले. हनीफ तर डोळे पुसत हसला. मॅडमनी अर्थ विचारला, सदानंदांनी सांगितला, त्याही हसल्या. हसला नाही तो एकटा शार्दूल. गोऱ्या माणसासमोर वाकायची सवय बापाच्या मणक्यात इतकी मुरली होती की समोरचा गोरा फायबरचा असला तरी चालायचं.

आईनं पानाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात गेटवरून कुणीतरी ओरडलं की टिपणीस सेठची गाडी लॉरीच्या वाटेत आहे. सगळे बाहेर धावले. परत आले तर क्लायंटचा फोन, मग आणखी एक फोन.

“अहो, आरती? उत्तरपूजा?” आई म्हणाली.

“उद्या करू ग. खलास. चला, ट्रॅफिक लागेल.”

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी केळीचं पान साफ होतं. कोशिंबिरीतली मोहरीसुद्धा उरली नव्हती.

“मांजर,” हनीफ म्हणाला.

गल्लीत मांजरं भरपूर होती. शार्दूलनं पान कचऱ्यात टाकलं.

३

आठवडाभरानं मॅडमना क्लोजअप हवे होते म्हणून तो वखारीत गेला. पाचव्या पुतळ्यापाशी फोन धरला आणि स्क्रीनवर बघता बघता थांबला.

पट्टा लोंबत नव्हता.

पट्टा पोटाला बसला होता. हनीफनं पाडलेली सहाही भोकं रिकामी होती आणि बक्कल कंपनीनं पाडलेल्या भोकात होती. चामडं ताणलेलं. बोट घालायचा प्रयत्न केला तर बोट आत जाईना.

“चाचा, पट्टा तुम्ही बदललात?”

“मी कशाला बदलू? मॅडमला आवडला ना तसाच?”

“मग कुणी लावला?”

“तुझ्या बापानं वाकून लावला असेल,” हनीफ म्हणाला आणि रंगाच्या कामाला गेला.

शार्दूलनं डोकं चालवलं. डोकं चालवायला त्याला कॉलेज लागत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी एसी बंद होते, पत्र्याखाली भट्टी झाली असणार, उष्णतेनं फायबर फुगतं. नेटवर शोधलं. फुगतं म्हणे, केसाच्या जाडीइतकं. मग म्हटलं, चामडं आकसलं असेल. मग म्हटलं, कुणीतरी मस्करी करतंय. हे शेवटचं त्याला इतकं पटलं की त्यानं जुने फोटो उघडलेच नाहीत. उघडले असते तर गालही बघावे लागले असते.

४

दुपारचं जेवण सगळे एकत्र जेवायचे. हनीफची बहीण हव्वाबी जवळच्याच खोलीत मेस चालवायची. तिचा भाताचा टोप आणि कालवणाचं भांडं बारा वाजता यायचं. सतरंजी अंथरायची, गोल बसायचं. शार्दूलही तिथंच जेवायचा, बापाच्या केबिनमधल्या सॅलडपेक्षा ते बरं.

पहिली तक्रार रंगारी वलीनं केली. “हव्वाबी आजकल हाथ खींचती है क्या?”

हव्वाबी स्वतः टोप घेऊन आली आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. टोप काठोकाठ. “माप त्येच हाय. तांदूळ त्योच हाय. तुमच्या पोटाला काय झालंय त्ये तुमच्या पोटाला इचारा!”

खरंच, अन्न कमी पडत नव्हतं. ते खाल्लं जात होतं, चावलं जात होतं, चव लागत होती, गिळलं जात होतं. आणि पोटात पोचत नव्हतं. शार्दूल तीन वाट्या भात खाऊन उठायचा आणि हात धुताना त्याला उपाशीपोटी येते तशी घेरी यायची. कुणी बोलायचं नाही. पुरुषमाणसं, भूक लागते म्हणून रडणार थोडीच. नुसते अजून वाढून घ्यायचे.

हनीफ सगळ्यात जास्त उतरला. दिवसभर वखारीत तोच असायचा. त्याचं घड्याळ मनगटावरून सरकत कोपराशी जायला लागलं.

एके दिवशी जेवताना त्यानं विचारलं, “ग्रॅज्युएट, त्या बोर्डांवर काय लिहिलंय? हे लोक उपाशी का होते? शेती येत नव्हती?”

भिंतीवरच्या बोर्डांचा मजकूर मॅडमनी पाठवला होता, तो शार्दूलनं वाचला होता. त्यानं सांगितलं. लंडनच्या सावकारांनी शेअर विकून कंपनी काढली. जहाजं भरून माणसं पाठवली. ती आली सोनं शोधायला. नांगर कोण धरणार? जे काही असेल ते एका कोठारात ठेवायचं आणि सगळ्यांनी तिथूनच खायचं. तिथले मूळचे लोक त्यांना मका द्यायचे. मग ह्यांनी मागायचं सोडून हिसकवायला सुरुवात केली. मग मका यायचा बंद झाला, आणि एक हिवाळा असा आला की घोडे खाल्ले, कुत्रे खाल्ले, बुटाचं चामडं उकडून खाल्लं.

“आणि मग?”

“मग मेलेली माणसं.”

वलीनं घास खाली ठेवला.

“तरी संपले नाहीत,” शार्दूल म्हणाला. “नवीन जहाज आलं. पुढं तंबाखू सापडला, तो लंडनला सोन्यासारखा विकला जायला लागला. तंबाखूला हात लागतात. मग गरिबांना आणायचं. तिकीट आम्ही काढतो, बदल्यात काही वर्षं तू आमच्याकडं राब. आणि एक माणूस आणला की आणणाऱ्याला पन्नास एकर जमीन.”

“म्हणजे तुझा बापूस!” हनीफ खो खो हसला. “पन नाय. सेठला पन्नास एकर कुठले, त्याला शारजात पार्किंग मिळत नाय.”

सगळे हसले. हसता हसता हनीफला खोकला आला, आणि खोकताना त्याच्या सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आली. शार्दूलनं ती खांद्यांची ठेवण आधी पाहिली होती. मातीत.

५

“हनीफला घरी पाठवा,” त्या संध्याकाळी तो बापाला म्हणाला.

ऊद मेथाचा फ्लॅट. टीव्ही चालू. धाकटी मुग्धा कानात इअरफोन घालून होमवर्क करत होती.

“डिसेंबरात चाललाय ना, मुलीच्या लग्नाला. नबिलाच्या.”

“डिसेंबरपर्यंत तो राहणार नाही, बाबा. बघितलंत का त्याला?”

“बघितलं. डाएट करतोय. चांगलं आहे, शुगर आहे त्याला.”

“डॉक्टरकडं नेलं मी. शुगर नॉर्मल, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतो नीट जेवायला घाला. त्याचा पासपोर्ट द्या, तिकीट मी काढतो.”

सदानंदांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भाषण यायचं असलं की ते असंच करायचे. “पासपोर्ट सेफ कस्टडीत आहे. डिलिव्हरी झाली की जाईल. हे एक काम बिघडलं की पुढची चार जातात, कळतं तुला? कसं कळणार. एक कोर्स पूर्ण करता आला नाही.”

“पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा आहे.”

“लॉकर आहे तो, लॉकर! बापासारखी सोय करतो मी ह्या लोकांची. चाळीस माणसं आणली मी इथं. चाळीस घरं उभी राहिली गावाकडं.”

“आणि तुमचं किती मजल्यांचं उभं राहिलं?”

“शार्दूल!” आई ओरडली. तिला मुलाचा उद्धटपणा ऐकू यायचा. नवऱ्याचं बाकी काही कधी ऐकू आलं नव्हतं.

“बाबा, यू नो ही इज राइट,” मुग्धा वहीतून मान वर न काढता म्हणाली. म्हणजे इअरफोनमध्ये गाणं नव्हतंच.

जेवताना शार्दूलनं इतक्या पोळ्या खाल्ल्या की आई वाढता वाढता थांबली. तिनं त्याच्या मनगटाकडं पाहिलं, गळ्याकडं पाहिलं. “जिम लावलीयेस का रे?” असं तिनं विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

६

शुक्रवारी दुपारी सगळे नमाजाला गेले. वर्कशॉपमध्ये शार्दूल एकटा. एसीची घरघर, पत्र्यावर ऊन तडतडतंय आणि वखारीचं दार लोटलेलं.

आधी त्याला वाटलं, कुठं तरी पाणी गळतंय. मग वाटलं, मांजर. पण मांजर भुरका मारत नाही. ओल्या भाताचा घास बोटांनी गोळा करताना जो हलका चपचपाट होतो, तो त्यानं जन्मभर ऐकला होता. तो आवाज पंगतीचा होता. कुणी बोलत नव्हतं. घाईनं, खाली मान घालून, बऱ्याच दिवसांचे उपाशी जेवतात तसं चाललं होतं.

त्यानं दार ढकललं. आवाज थांबला नाही. थांबला असता तर बरं झालं असतं. तो हळूहळू कमी होत गेला, नको तेव्हा कुणी आलं की माणूस तोंडातला घास हळू चावतो तसा.

पाचहीजण बाकावर, जिथल्या तिथं. टेबल रिकामं. गाल भरलेले. हनुवट्यांखाली वळ्या. हनीफनं अर्धवट उघडे ठेवलेले ओठ मिटलेले. आणि पाचव्याच्या दाढीत भाताचं एक शीत. ओलं.

 हाताला आला तो हातोडा शार्दूलनं उचलला आणि जवळच्या पुतळ्याच्या पाठीवर सगळ्या ताकदीनं हाणला. पोकळ फायबर. फुटायला हवं होतं, निदान डब्यासारखं वाजायला हवं होतं.

वाजलं नाही. हातोडा रुतला. आतून भरलेल्या पोत्यावर बसावा तसा बसला आणि त्या धक्क्यानं पुतळ्याच्या नाकातून हवा बाहेर आली. गरम.

“काय करतोयस!” मागून बापाचा आवाज आला आणि कानाखाली जाळ निघाला. सदानंदांनी त्याला कॉलरला धरून वखारीबाहेर ओढलं. “क्लायंटचा माल आहे! वेड लागलंय का तुला?”

“बाबा, हात लावून बघा. एकदा हात लावून बघा त्याला.”

सदानंदांनी दारातूनच आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा रंग उतरला हे शार्दूलनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

“फिनिशिंग चांगलं झालंय,” ते म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

 शार्दूलला मारल्याचं काही वाटलं नाही. त्याला सुन्न केलं ते त्या तीन शब्दांनी. म्हाताऱ्याला दिसलं होतं. दिसूनही त्यानं डिलिव्हरीची तारीख बघितली होती.

७

लॉकरची किल्ली आईनं दिली. दिली म्हणजे, शार्दूलच्या चहाच्या कपाखाली ठेवली आणि म्हणाली, “मी काही दिलेलं नाही.”

हनीफ जायला तयार नव्हता. “पुतळ्यांचं शेवटचं काम बाकी हाय, ग्रॅज्युएट. मॅडमला उपाशी पायजेत, हे तर वऱ्हाडी दिसतात. परत घासायला पायजेत.”

“चाचा, तुम्हाला नबिलाचं लग्न बघायचंय की नाही?”

 हनीफ स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाला, “मला आता ते स्वप्नात दिसतात. काय करत नाहीत. मी वाढतो, ते जेवतात. लय अदबीनं जेवतात रे.”

“चला. यल्ला.”

शारजा विमानतळावर तो शार्दूलच्या खांद्यावर भार टाकून चालला. भार होताच कुठं. काउंटरवर मात्र बॅग काट्यावर ठेवली आणि पलीकडची मुलगी चमकली.

“अंकल, इसमें क्या पत्थर भरे हैं?”

“खजूर, टँग, पोरीला एक साडी,” हनीफ गोंधळून म्हणाला. बॅग शार्दूलनंच भरली होती. भरताना ती एका हातानं उचलली होती. आता ती पट्ट्यावर चढवायला दोघे लागले. उघडून बघायला वेळ नव्हता, मागं रांग होती. विमान चुकायला नको म्हणून शार्दूलनं जास्तीचं भाडं भरलं आणि पावती खिशात कोंबली.

आत जाताना हनीफ वळला. “तू पण जा पुण्याला. ह्या बापाकडं राहू नको.” आणि हसला. कितीतरी दिवसांनी शार्दूलला जरा बरं वाटलं. एक माणूस तरी सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखार खोलून ट्रकमध्ये चढवायला घेतली. पुतळे शेवटी चढवायचे होते. सदानंद यादी धरून उभे होते आणि एकाएकी त्यांचा आवाज चढला.

“पाचवा कुठाय?”

बाकावर चारजण. शेवटच्या जागेवर धूळ नव्हती. एवढंच. वलीनं गल्ली पालथी घातली, सदानंदांनी चोरी म्हणून आरडाओरडा केला, हनीफला शिव्या घातल्या, पोलिसांना फोन करतो म्हणाले आणि केला नाही.

शार्दूल त्या रिकाम्या जागेपाशी उभा होता. दुपारी हव्वाबीचा टोप आला. सगळे बसले. शार्दूलनं एक वाटी भात खाल्ला आणि त्याचं पोट भरलं. वलीनं ढेकर दिली आणि स्वतःच दचकला. ट्रकवरचे चारजण उन्हात वाळत होते. त्यांच्या अंगावरचे जाड लोकरी डगले त्यांना पुन्हा मोठे व्हायला लागले होते.

शार्दूलला विमानतळावरची ती जड बॅग आठवली तेव्हा हात धुवायचाही राहिला. उष्ट्या हातानंच त्यानं फोन काढला.

८

श्रीवर्धनला फोन लागायला वेळ लागला. तिसऱ्यांदा नबिलानं उचलला. व्हिडिओ. गोल चेहरा, डोक्यावर ओढणी, मागं गोंगाट, भांड्यांचा आवाज.

“सलाम शार्दूलभाई! अब्बा पोचले काल. जेवाला बसलेत. सगळे आलेत, अख्खा मोहल्ला आलाय बघायला!”

“नबिला, अब्बा कसे आहेत?”

“झोपूनच होते हो सकाळपर्यंत. किती वाळलेत! दादी नुसती रडते. पण आता बसलेत बघा.” तिनं फोन फिरवला. मोठी खोली, जमिनीवर अंथरलेलं दस्तरखान, कडेनं बसलेली माणसं, मधोमध बिर्याणीची परात. हनीफ भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या ताटात भात होता आणि हात तोंडाकडं जात होता. तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. त्याच्या डाव्या हाताला कोण बसलंय ह्याकडं तो मान न वळवता बघत होता.

“त्यांच्याशेजारी कोण आहे?”

“ते? तुमच्या कंपनीतलेच ना? अब्बांच्या मागोमाग आले. बोलत कायच नाहीत. नुसते मान हलवतात. लय अदब हाय हो त्यांना.” नबिलानं आवाज खाली आणला. “त्यांची पण हालत बघवत नाय. नुसती हाडं. दादी म्हणते, बिचाऱ्याला किती दिवसांनी घरचं मिळतंय.”

फोन हलला. अर्धा क्षण शार्दूलला दिसलं ते एवढंच. कोकणच्या त्या दमट दुपारी जाड लोकरीची एक बाही, तिच्यातून बाहेर आलेलं वाळकं मनगट, आणि ताटात शिस्तीत फिरणारी, भात गोळा करणारी पांढरीफटक बोटं. पलीकडं एक लहान पोरगं आपलं रिकामं ताट चाटत आईकडं बघत होतं. त्याच्या आईनं नुकतंच वाढलं होतं. तिच्या हातात अजून चमचा होता.

“नबिला, ऐक. मी काय सांगतो ते नीट ऐक. त्याला उठव. आत्ताच्या आत्ता उठव तिथून.”

“कुणाला?”

“त्याला! ताट काढून घे समोरचं. काय वाटेल ते कर, पण त्याला घराबाहेर काढ!”

 पडद्यावर नबिलाचा चेहरा परत आला. लग्नघरातल्या पोरीचा, दुखावलेला, आणि थोडा घाबरलेला. शार्दूलला.

“भरल्या ताटावरनं पाहुण्याला उठवू? शार्दूलभाई, काय बोलताय तुम्ही? तुमच्याकडं करतात का असं?”

तिच्यामागून म्हातारीचा आवाज आला. खणखणीत, खुशीतला.

“अगो नबिला, फोन ठेव आनी अजून ताटं काढ! दारात ह्यांचीच मानसां इलीत वाटतं.”